घुमट वाजवून पोट भरायचं तर कुठल्या शहरात जावं?

वाळवंटीकाठ | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, बी.कॉम. झालाय. घुमट (तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं मडकं), काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि पखवाज वाजवतो. घुमट आजोबांकडून आलं, पखवाज गावच्या भजनातून. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत तो घरी जेवायला सापडत नाही, या वाड्यावरून त्या वाड्यावर आरत्या. मिळकत म्हणाल तर नेवऱ्या, नारळ आणि स्पर्धेत नंबर आला तर नऊ जणांत वाटून उरेल ते.

आता म्हणतो, हेच करायचं. पूर्णवेळ. बाबांनी आठ दिवस अबोला धरला, मग तडजोड झाली: तीन वर्षं. तीन वर्षांत स्वतःचं भाडं स्वतः भरता आलं पाहिजे, नाहीतर सरकारी परीक्षेचा फॉर्म. प्रश्न राहिला कुठे. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो पुण्याला ये, इथे कलेची कदर आहे. मावशी मुंबईला. त्याचा एक मित्र बंगळुरूला बँडमध्ये गिटार वाजवतो, तो म्हणतो तिकडे ‘फोक’ला मागणी आहे. आणि आमचे बंधुराज म्हणतात पणजी, कारण आपलं वाद्य इथलं, तर बाहेर कशाला?

मी एका दुकानाचे हिशेब लिहिते. मला कदर-बिदर कळत नाही. भाडं किती, काम किती महिने, पैसे कोण देतं आणि कधी देतं, हे कोणी नीट सांगेल का? शिवाय रात्री अकराला घुमट वाजवलेलं कुठल्या शहरातले शेजारी खपवून घेतात, तेही.

पेडणेकर_तात्या | रविवार, रात्री १०:१५

तालुक्याच्या कचेरीत चिकटव त्याला. चवथीला रजा टाकायची आणि वाजवायचं. आमच्या वाड्यावरचे सगळे चांगले घुमटकार एकतर कारकून नाहीतर मास्तर. घुमटावर घर चालवलेला माणूस मी सत्तर वर्षांत पाहिला नाही.

मांडवीपारची | रविवार, रात्री १०:३२

तात्या, म्हणूनच तर ती विचारतेय ना!

शिमग्यातला_रोमट | रविवार, रात्री ११:०५

वाचतोय. माझ्या घरात हाच तमाशा चालू आहे, फक्त वाद्य ताशा.

ढोलकीवाला_डोंबिवली | सोमवार, सकाळी १:२०

ताई, कार्यक्रमावरून आत्ता घरी आलो, म्हणून या वेळेला लिहितोय. सतरा वर्षं मुंबईत वाजवतोय, मूळ गाव कुडाळकडे. मुंबईचं जे आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, मुंबईत ‘घुमटवादक’ अशी जागाच नाही. इथे ‘साइड ऱ्हिदम’ असते. संगीतकाराला गाण्यात मातीचा आवाज हवा असतो, तो फोन करतो आणि म्हणतो, काय काय आणशील? मी ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी, चौंडकं, टाळ, खंजिरी असं सगळं पोत्यात भरून जातो. घुमट माझ्याकडेही आहे. वर्षातून दोनदा निघतं. एकदा ते पोत्यातच फुटलं, दादरला जिना उतरताना. मडकं ते मडकं.

दुसरी गोष्ट, स्टुडिओचं काम आता पूर्वीचं राहिलं नाही. एकेकाळी रेकॉर्डिंगला आठ-दहा वादक एकत्र बसायचे. आता ढोलकीचे तुकडे आधीच रेकॉर्ड केलेले मिळतात, पोरगं संगणकावर ते जोडतं आणि वर एकच माणूस बोलावतं, जीव यावा म्हणून. सिने म्युझिशियन्स असोसिएशनचं कार्ड मीही घेतलं, उपयोग झाला, पण कार्डाने फोन वाजत नाही. फोन वाजतो ओळखीने, आणि ओळख व्हायला दोन वर्षं अंधेरीत लोकांच्या दारात चहा प्यावा लागतो.

मग खातो काय? हळदी, लग्नं, शाळांची गॅदरिंगं, गोंधळ, महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रम, कंपन्यांचे ‘एथनिक डे’. शिकवण्या. यातल्या शिकवण्या दर महिन्याला येतात, बाकीचं येईल तेव्हा येतं. आषाढात लग्नं नसतात, तेव्हा मी अक्षरशः शिकवण्यांवर जगतो.

म्हणून त्याला विचारा, तुला घुमट वाजवायचंय की वाजवून जगायचंय? दुसरं असेल तर मुंबई बरी, पण हातात सहा वाद्यं हवीत.

वाळवंटीकाठ | सोमवार, सकाळी ८:४०

दादा, इतक्या रात्री एवढं लिहिलंत, आभार. भावाला वाचायला दिलं. ‘दोन्ही’ म्हणाला आणि अंघोळीला गेला.

आल्तिनोवरून | सोमवार, सकाळी ९:३०

मुंबईला नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या. गोव्याचं संगीत मोठं झालं ते मुंबईत. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि अभिषेकीबुवा, माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आंतोनी गोन्साल्विस. सगळे बाहेर पडले तेव्हा जगाला कळले. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. साखळीत बसून राहिल्याने हे होत नसतं.

जांबावलीचो_गुलाल | सोमवार, सकाळी १०:१०

आल्तिनोवरून, नावं बरोबर आहेत, हिशेब चुकतोय. ती मंडळी जे घेऊन गेली त्याला तिथे आधीच गिऱ्हाईक होतं. ख्यालगायकीला शेठ-सावकार होते, संगीत नाटकाला कंपन्या होत्या (दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी १९१८ ची), आणि व्हायोलिन-ट्रंपेट वाचून वाजवणाऱ्याला सिनेमा होता. घुमटाची आरती कोण विकत घेतो? ती गणपतीपुढे होते, घरातले लोक म्हणतात, वाजवणारा आणि ऐकणारा एकाच पंगतीला जेवतो. तिकीट लावणार कुठे?

मडगावची_दुल्पद | सोमवार, दुपारी १२:००

तिकिटाचं उदाहरण गोव्यातच आहे की. तियात्र, आपलं कोकणी गाण्यांचं नाटक. आणि गंमत म्हणजे तेही मुंबईतच जन्माला आलं, १७ एप्रिल १८९२ रोजी. का? कारण तिकडे धोबीतलाव-गिरगावच्या कुडांमध्ये (गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत) गावागावांतले गोंयकार राहत होते, खिशात पगार होता आणि गावची आठवण होती. आज मडगावच्या रवींद्र भवनात खेळ लागतात, लोक तिकीट काढून येतात आणि खाली बँड जिवंत वाजतो. त्या बँडवाल्यांना खेळागणिक पैसे मिळतात. त्यात घुमट नाही, ही गोष्ट वेगळी.

मला वाटतं शहर निवडताना हे बघावं, तिथे आपल्या मुलखातली घरापासून लांब आलेली माणसं किती आहेत.

ढोलकीवाला_डोंबिवली | सोमवार, दुपारी १२:२५

अगदी खरं. लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या तोवर तिथे दशावतार, नमन, जाखडी, भजनाच्या बाऱ्या सगळं चालायचं. आमचे वडील परळच्या दामोदरला नमन बघायला खोलीतल्या सगळ्यांसोबत जायचे. मुंबईत कोकण होतं म्हणून कोकणची लोककला मुंबईत जगली. गिरण्या गेल्या, माणसं नालासोपारा-दिव्याला पांगली, तरी नमनाचे खेळ अजून लागतात. शाहीर साबळेंसारखा पसरणीचा माणूस याच शहरात उभा राहिला.

पेडणेकर_तात्या | सोमवार, दुपारी १२:४०

दशावतार म्हणाल तर त्याला शहर लागतच नाही. कार्तिकात मंडळ बाहेर पडतं ते वैशाखापर्यंत रोज रात्री एका जत्रेत. पखवाजवाला, पायपेटीवाला, झांजवाला, सगळे नाइटवर, म्हणजे रात्रीगणिक पैसे. आज वेंगुर्ला, उद्या पेडणे, परवा बांदा. पोराला पखवाज येतो म्हणालीस ना? मघाशी घुमटाबद्दल बोललो, पखवाजाबद्दल नाही.

मांडवीपारची | सोमवार, दुपारी १२:४४

तात्यांनी पलटी मारली!! 😄

पुणेरी_पण_मूळचा_डिचोलीचा | सोमवार, सायंकाळी ५:१५

पुण्यात बारा वर्षं आहे. ढोल-ताशा पथकांमुळे बाहेरच्यांना वाटतं इथे तालवाद्यवाल्याला काम मिळतं. पथकातली पोरं बहुतेक हौशी असतात, स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. तिथे वादक म्हणून कमाई शोधणं म्हणजे वारीत रिक्षाचं भाडं मागण्यासारखं.

पुण्यात खरं काय आहे तर शिकायला जागा. विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, घरोघरी गुरू आहेत, पखवाज-तबला पक्का करून घ्यायला यासारखं शहर नाही. लोकसंगीताला श्रोते येतात, टाळ्याही कडक. पण पुणेकर लोककलेकडे वस्तुसंग्रहालय बघितल्यासारखं बघतो. चौकसपणे. निवेदक पंधरा मिनिटं इतिहास सांगणार, मग तुम्ही सात मिनिटं वाजवणार. तुमच्या भावाला चवथीच्या रात्री तीन तास आरत्या ओढायची सवय, त्याचा श्वास कोंडेल.

लोककलेचाच रीतसर अभ्यास करायचा असेल तर मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, कलिन्याला. पदवी हातात असली की शाळा-कॉलेजचे दरवाजे उघडतात.

आणि ज्याला खऱ्या अर्थाने लोककलेचा बाजार म्हणतात तो पुण्यातही नाही, मुंबईतही नाही, तो नारायणगावात आहे. पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवून जातात. एस.टी. स्टँडचं गाव आहे हो ते. शहराचा आणि धंद्याचा संबंध आपण उगाच लावतो.

शेंगदाणा | सोमवार, सायंकाळी ६:०२

अवांतर: घुमटाला घोरपडीचंच कातडं हवं ना? बोकडाच्या कातड्याला तो आवाज येत नाही असं आमचे काका म्हणतात.

रानमाणूस_सत्तरी | सोमवार, सायंकाळी ६:२०

काकांना सांगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तुरुंगाची हवा खावी लागेल. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं ते बोकडाच्या कातड्यासकट. आवाज कातड्याइतकाच मडक्यात आणि डाव्या हातात असतो. मागचं तोंड किती उघडायचं, किती झाकायचं, तो ‘घूं’ तिथून येतो.

शेंगदाणा | सोमवार, सायंकाळी ६:२५

पावसात बोकडाचं उतरतं ना पण.

रानमाणूस_सत्तरी | सोमवार, सायंकाळी ६:३१

घोरपडीचंही उतरायचं. चुलीपाशी धरायचं. आजोबा काय करत होते?

हार्वर्ड_स्क्वेअर | सोमवार, रात्री ११:४०

मूळची फोंड्याची, आता बोस्टनजवळ. इथलं थोडं सांगते, कारण प्रश्न जगभर तोच आहे.

केंब्रिजला हार्वर्ड स्क्वेअरमध्ये पासीम नावाचा तळघरातला छोटासा क्लब आहे. १९५८ मध्ये ‘क्लब ४७’ म्हणून सुरू झाला, लोकगायिका जोन बाएझ तिथेच गाऊ लागली. अजून चालू आहे. आत शिरलं की कोणी बोलत नाही, कपबशीचा आवाज झाला तरी लोक वळून बघतात. नवशिक्यांसाठी वेगळी रात्र, गाण्याचे वर्ग त्यांचेच, आणि बाहेर चौकात रस्त्यावर गाणारे. गायिका ट्रेसी चॅपमन त्या चौकात गायची. तरी इथे राहणारे कितीतरी फोक गायक महिन्यातून एकदाच इथे गातात. बाकीचे दिवस गाडीत. लहान गावात स्वस्त घर घ्यायचं आणि लोकांच्या दिवाणखान्यात चाळीस जणांपुढे गायचं, टोपलीत येतील ते पैसे.

नॅशव्हिलची तर अजून मजा. तिथलं प्रसिद्ध ब्लूबर्ड कॅफे दुकानांच्या रांगेतली जेमतेम शंभर माणसांची जागा आहे. लोक तिथे लोकगीत गायला जात नाहीत, गाणं विकायला जातात. गाणी लिहिणाऱ्यांचं शहर ते. त्यामुळे ‘संगीताचं शहर’ ही पाटी वाचून जाऊ नये, आतमध्ये कुठला माल विकला जातो ते बघावं.

मला पणजीबद्दल विचारायचंय. पासीमसारखी एखादी शंभर माणसांची जागा, जिथे आठवड्यातून एक रात्र फक्त आपलं संगीत होतं, अशी आहे का? मोठी सभागृहं ढीग आहेत, त्याबद्दल नाही विचारत.

मांडवीपारची | मंगळवार, सकाळी ७:५५

फाडो (पोर्तुगीज गाणी) आणि मांडो (गोव्याची कोकणी गाणी) यांच्यासाठी अशा एक-दोन जागा झाल्यात. घुमट आरती, सुंवारी, जागर या गावच्या प्रकारांसाठी देवळाचा मंडप. तिकीट नाही, पण रात्रभर जागतात लोक.

बाकी पणजीत राहतं ते म्हणजे नदीवरच्या बोटी आणि हॉटेलं. तासाभरात देखणी, फुगडी, कोरिदिन्यो असे नाच, शेवटी पर्यटक स्वतःच नाचायला उठतात. माझी मैत्रीण दोन सीझन नाचली. ऑक्टोबर ते मार्च रोज काम, ही चांगली बाजू. पण रोज तेच सहा तुकडे, तीच चोळी, आणि मागे वाजणारं संगीत बरेचदा पेन ड्राइव्हवरचं. जिवंत वाजवणारे ठेवले तर दोन.

जांबावलीचो_गुलाल | मंगळवार, सकाळी ८:३०

पेन ड्राइव्ह हा गोव्याचा खरा लोककलाकार. 🙏

बंगळुरूचा_दामू | मंगळवार, सकाळी ९:१५

बंगळुरूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. गायक रघु दीक्षितने कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांच्या रचना गिटारवर आणल्या आणि अख्खं कॉलेज नाचलं, हे इथलं यश. पण तो गातो कन्नडमध्ये, त्याच्यामागे कन्नड श्रोता उभा आहे. आपला घुमटवाला इथे आला तर तो दुसऱ्याच्या गाण्यातला रंग होईल. वाईट नाही, पैसे बरे मिळतात. मात्र बंगळुरूचं घरभाडं आणि ठेव ऐकून बाबांचा अबोला परत सुरू होईल.

वाळूवरचं_जहाज | मंगळवार, दुपारी ३:४०

मी वादक नाही, नुसता कानसेन. तीन वेळा राजस्थानला जाऊन आलोय. मांगणियार आणि लंगा हे तिथले पिढीजात गवई जोधपूरला राहायला गेले नाहीत. बाडमेर-जैसलमेरच्या गावांतच राहिले, जजमानांच्या (आश्रयदात्यांच्या) घरी लग्न-बारशाला गात राहिले आणि तिथूनच पॅरिस-लंडनला जाऊन आले. हे आपोआप झालं नाही. कोमल कोठारी नावाचा माणूस गावोगाव फिरला, बोरुंद्याला १९६० मध्ये रूपायन संस्थान काढलं, कोण काय गातो ते ध्वनिमुद्रित केलं आणि त्यांना बाहेर नेलं. २००७ पासून मेहरानगड किल्ल्यावर शरद पौर्णिमेच्या आसपास लोकसंगीताचा उत्सव होतो, त्यातही गावचाच कलाकार येऊन गातो आणि परत जातो.

त्यामुळे मला वाटतं साखळीत राहावं. गोव्यात कमी आहे ती शहराची नव्हे, फोन उचलणाऱ्या माणसाची. कार्यक्रम ठरवणारा, पत्र लिहिणारा, बिल पाठवणारा. (ताई, तुम्ही हिशेब लिहिता म्हणालात ना?)

फाइलवाला_निवृत्त | मंगळवार, रात्री ९:००

सरकारी बाजूने दोन शब्द. कामाच्या गोष्टी सांगतो, बाकी चर्चा छान चालली आहे.

वय २४ म्हणता? मग आधी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती बघा. वयोमर्यादा १८ ते २५, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये, लोककलेलाही आहे. गुरूकडे काही वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. एक वर्ष गेलं की हे दार बंद.

मग आकाशवाणी पणजी. लोकसंगीताची ऑडिशन द्यावी. ग्रेड मिळाली की मोठी रक्कम येते असं नाही, पण बाहेरच्या राज्यात बायोडेटावर ती एक ओळ लोक वाचतात.

उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. गोवा त्यांच्या कक्षेत येतो. पथकाची नोंदणी करून ठेवा, छायाचित्रं आणि चांगला व्हिडिओ द्या. २१ ते ३० डिसेंबरला शिल्पग्राम उत्सव असतो तिथे आपली पथकं जातात. प्रवासखर्च, राहणं आणि मानधन मिळतं. इथल्या लोकोत्सवालाही देशभरची पथकं पणजीत येतात. तिथे नुसतं वाजवून घरी येऊ नका, पंजाब-आसामच्या वादकांचे नंबर घ्या. पुढे संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे, ४० वर्षांपर्यंतच्यांना.

एक सावधगिरी. सरकारी मानधन नक्की येतं, लवकर येतं असं म्हणत नाही. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. एकदा निवृत्तीनंतर माझ्याच भजनी मंडळाचं बिल शिमग्यात दिलं, ते चवथीला मिळालं. त्या भरवशावर भाडं ठरवू नका.

रानमाणूस_सत्तरी | मंगळवार, रात्री ९:२२

चवथीला मिळालं म्हणजे नशीबवान. आमचं रणमालें (लोकनाट्य) पथक अजून वाट बघतंय.

आल्तिनोवरून | मंगळवार, रात्री ९:४०

यात कोकणी वाद्य, मराठी आरत्या, आणि शिष्यवृत्ती हिंदीत...

संपादक | मंगळवार, रात्री ९:४१

भाषेचा विषय इथे नको. त्यासाठी जुना धागा आहे, ११४ पानांचा.

मडगावची_दुल्पद | मंगळवार, रात्री ९:५८

भाषेचा वाद नाही, पण आल्तिनोवरून यांनी नकळत कामाची गोष्ट सांगितली. आपल्या घुमट आरत्या मराठीत आहेत! म्हणजे मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला त्या समजतात, सोबत म्हणताही येतात. मांडोला मुंबईत शंभर माणसं मिळतील. आरतीला, नीट बांधणी केली तर, गणपतीचा अख्खा मंडप. एकटा घुमटवाला पाठवू नका. सहा जणांचं पथक पाठवा, दोन घुमटं, शामेळ, कासाळें (झांजा), पेटी आणि एक खड्या आवाजाचा गडी.

ढोलकीवाला_डोंबिवली | मंगळवार, रात्री ११:५०

हे बेस्ट! फक्त चवथीतच मंडप आणि चवथीतच गावची आरती, तिथे गाडी अडते. पण माघी गणपती आहे ना. मुंबई-ठाण्यात माघी गणेश जयंती आता जोरात असते, आणि तेव्हा गोव्यातल्या घरात आरत्यांची तशी धावपळ नसते.

वाळवंटीकाठ | बुधवार, रात्री १०:०५

तुमचं सगळं वाचून काल रात्री वहीत बारा महिने मांडले. मला तेवढंच येतं.

श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह आणि गावोगावची भजनं, पखवाज. भाद्रपदात चवथ. आश्विनात देवळांतले मखरोत्सव. कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा, म्हणजे तात्यांचा दशावतार किंवा गावच्या नाटकांची साथ. यात पैसे रोख मिळतात हे भावाने काल पहिल्यांदा कबूल केलं, आतापर्यंत ते कुठे जात होते कोण जाणे. डिसेंबर-जानेवारीत लोकोत्सव, उदयपूर लागलं तर उदयपूर. माघात मुंबईचा मंडप, जमलं तर. फाल्गुनात शिमगो, तेव्हा तर ‘ओस्सय ओस्सय’च्या आरोळ्या सोडून कोणी कुठे जात नाही. चैत्र-वैशाखात लग्नं. ज्येष्ठ आणि आषाढ कोरे. त्या दोन महिन्यांसमोर मी रेघ मारली.

म्हणजे दहा महिन्यांचं काम गोव्यातच आणि आसपास आहे. पण यातल्या निम्म्या ठिकाणी तो आत्ताही जातो आणि पैसे मागत नाही. घरचंच म्हणून. साखळीहून पणजी तासाभराच्या आत, दुचाकीवर. घरभाडं शून्य. रात्री अकराला वाजवलं तर शेजारी भांडायला येत नाहीत, गायला येतात.

पणजीत खोली घेतली असती तर महिन्याला जे गेलं असतं, तेवढं मी आता खर्चाच्या रकान्यात धरतच नाही. त्याऐवजी शिकवण्या: आठवड्यातले दोन दिवस पणजीत, दोन डिचोलीत. दोन शाळांना विचारलंय. एका ठिकाणी हो म्हणाले, दुसरीकडे म्हणाले तबला शिकवतो का? तोही थोडा येतो, असं मी सांगून टाकलं.

बाबांना वही दाखवली. ते बराच वेळ कोऱ्या महिन्यांकडे बघत होते. म्हणाले, या दोन महिन्यांत परीक्षेचा अभ्यास करता येईल.

पेडणेकर_तात्या | बुधवार, रात्री १०:२०

बाबा हुशार आहेत.

वाळूवरचं_जहाज | बुधवार, रात्री १०:४१

बघा, मॅनेजर मिळाली पथकाला.

हार्वर्ड_स्क्वेअर | बुधवार, रात्री ११:१०

‘घरचंच म्हणून पैसे मागत नाही’ हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. इथे टोपली फिरवायची जबाबदारी यजमानाची असते, गाणाऱ्याची नाही. गाणारा स्वतः मागायला लाजतो हे इथल्या लोकांनाही ठाऊक आहे. गावच्या नाटकाच्या आणि आरतीच्या पैशाचं बोलणं तूच करत जा. भावाला करू देऊ नकोस.

जांबावलीचो_गुलाल | गुरुवार, सकाळी ८:००

पण स्वतःच्या वाड्यावरच्या चवथीच्या आरतीचे पैसे घेऊ नका हां. तेवढं राहू दे.

वाळवंटीकाठ | गुरुवार, सकाळी ८:१२

छे हो. आजोबा स्वप्नात येऊन घुमट डोक्यात घालतील.

ढोलकीवाला_डोंबिवली | गुरुवार, दुपारी २:३०

ताई, तुमचे ते दोन कोरे महिने. माझेही तेच कोरे असतात. आत्ता आषाढच चालू आहे. पाठवा त्याला डोंबिवलीला पंधरा-वीस दिवस. खोली लहान आहे, पण तालमीला खाली एक बंद गाळा आहे. मी त्याला संबळ आणि हलगी देतो, त्याने मला घुमटाचा डावा हात शिकवायचा. माझा तो कधी बसलाच नाही. एखादं रेकॉर्डिंग लागलं तर सोबत नेईन, नुसतं बसून ऐकायला. श्रावण लागायच्या आत परत पाठवतो.

वाळवंटीकाठ | गुरुवार, रात्री ९:१५

दादा, काय बोलू? आई म्हणते खाण्यापिण्याचे पैसे घ्यायचे, नाहीतर पाठवत नाही. बाबा म्हणाले, जाऊ दे, पण पुस्तकं सोबत ने.

घुमटकार_साखळी | शनिवार, सकाळी ११:०५

मी तिचा भाऊ. आजच खातं काढलं. सगळ्यांचे आभार, विशेषतः तात्यांचे. 😄 ढोलकीवाला दादा, मंगळवारची मांडवी एक्स्प्रेस, थिवीहून. कुठे उतरू?

ढोलकीवाला_डोंबिवली | शनिवार, दुपारी १२:१०

ठाण्याला उतर, तिथून कल्याणकडची लोकल. पावसाळी वेळापत्रक चालू आहे, वेळ बघून घे, गाडी रखडली तर फोन कर. घुमट बाकाखाली ठेवू नकोस, कोणीतरी पेटी सरकवतो आणि संपलं. मांडीवर घेऊन बस.

घुमटकार_साखळी | शनिवार, दुपारी १२:१५

दोन आणतोय. एक फुटायला.